मागच्या दाढेजवळची तार

गुरुवार, दिनांक ५

श्रीमान श्वशुरमहोदय,

नमस्कार साष्टांग नाही. कंबर धरली आहे, सबब जेवढे वाकता येते तेवढाच. विनंती काहीही नाही. विशेष मात्र पुष्कळ आहे.

आपले पत्र आज सकाळी पोचले. चौदा वर्षांच्या मौनानंतर सहा ओळी, म्हणजे सरासरीने दर दोन वर्षे चार महिन्यांना एक. एवढ्या संयमाने लेखन करणारा गृहस्थ माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

एवढ्या काळात विस्मरण झाले असण्याची शक्यता गृहीत धरून प्रथम स्वतःचा परिचय करून देतो. मी आपला जावई. आपली एकुलती एक कन्या माझी पत्नी आहे, आणि आपण जिला अद्याप पाहिलेले नाही ती अकरा वर्षांची भिंगरी आमची एकुलती एक कन्या. व्यवसायाने मी दंततंत्रज्ञ. म्हणजे आपल्यासारखे दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाचे माप घेऊन पाठवतात, त्यावरून प्लास्टरचा साचा ओतून कवळ्या आणि दाढा घडवणारा कारागीर. आपल्या दवाखान्यातून आलेली काही मापे मी ‘पुन्हा घ्यावे’ अशी चिठ्ठी लावून परत पाठवली होती. त्या चिठ्ठ्या नेण्या-आणण्याचे काम आपल्या कन्येकडे होते, आणि पुढे जे घडले त्याला आपण ‘अनर्थ’ म्हणालात व आम्ही ‘विवाह’. तेव्हापासून आपण माझ्या प्रयोगशाळेला काम देत नाही आणि मी आपल्याला तोंड दाखवत नाही. हिशेब चोख आहे.

आता आपल्या सहा ओळींकडे वळतो. मंगळवारी भिंगरीच्या दातांना तारा बसल्या हे आपल्याला कळले. तारा बसवणारी डॉक्टरीण आपलीच शिष्या असल्यामुळे तिच्या कामाविषयी आपल्याला शंका नाही. शंका आहे ती मुलगी ज्याच्या घरी राहते त्या गृहस्थाविषयी. आपलेच शब्द उद्धृत करतो: “प्लास्टरला दुखत नाही. त्यामुळे दुखणे म्हणजे काय हे त्या माणसाला ठाऊक असण्याचे कारण नाही. आठ दिवसांत, पुढच्या मंगळवारच्या आत, पोर रडकुंडीला येईल आणि तो तिला घेऊन तारा काढण्यासाठी माझ्या दारात उभा राहील.”

महोदय, आव्हान स्वीकारले आहे.

मंगळवारी काय, पुढच्या सात जन्मांतील कोणत्याही मंगळवारी मी आपल्या दारात उभा राहणार नाही. डॉक्टरीणबाईंकडेही मुदतीच्या आत पाऊल टाकणार नाही, कारण त्यांच्या दवाखान्यात शिंकलेली शिंक संध्याकाळपर्यंत आपल्या कानी जाते हे आता सिद्ध झाले आहे. या घराला सव्वीस वर्षांचा दंतानुभव उपलब्ध आहे.

आपल्या माहितीसाठी उपचारक्रम सादर करतो. प्रातःकाळी कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या. मध्याह्नी थंड दही. सायंकाळी सूप, मऊ भात, कुस्करलेले केळे. पहिले दोन दिवस डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली गोळी. टणक, चिकट आणि कुरकुरीत पदार्थांना घरात प्रवेश बंद. मी स्वतः भाजलेले शेंगदाणे जिन्यात उभा राहून खातो, एवढा मी न्यायी आहे. तारेवरचे चौकोनी तुकडे ओठाला घासतात, त्यांच्यावर मेणाचे आच्छादन घालावे लागते. त्यासाठी डॉक्टरीणबाईंनी मऊ मेणाची एक इवलीशी डबी दिली होती. ती मी आदरपूर्वक कपाटात ठेवून दिली आहे. ज्याचे निम्मे आयुष्य मेणात गेले त्याला दुसऱ्याचे मेण! हलवायाच्या घरी कुणी पेढे धाडत नाही.

भिंगरीची प्रकृती उत्तम. ती किंचित मितभाषी झाली आहे. आपण तिला ओळखत नाही म्हणून सांगतो: ही मुलगी तळमजल्यावर बोलू लागली की तिसऱ्या मजल्यावरची माणसे खिडक्या लावून घेतात. सध्या तीन दिवस खिडक्या उघड्या आहेत. हे मी तिच्या वाढत्या प्रगल्भतेचे लक्षण मानतो.

आपला, नाइलाजाने,
जावई

*

शनिवार, दिनांक ७

श्रीमान श्वशुरमहोदय,

आपले उत्तर आलेले नाही, पण विजयी पक्षाने वृत्तांत पाठवावा असा संकेत आहे. पाच दिवस झाले. अश्रू: शून्य. तक्रारी: शून्य.

सत्याशी प्रामाणिक राहून एक किरकोळ प्रमाद मात्र नोंदवतो. आपल्याला तो अन्य मार्गाने कळला असता, आणि त्यापेक्षा माझ्या भाषेत कळलेला बरा.

मेणाचे आच्छादन मी प्रयोगशाळेतल्या गुलाबी मेणाचे केले. हे मेण कोरीवकामाचे. थंड झाले की टणक होते. गोळी करून नुसती दाबून बसवायची होती, एवढेच काम. परंतु हाताला सवय म्हणून काही असते. मी गोळी घेतली, चाकू घेतला, खिडकीपाशी बसलो, आणि अर्ध्या तासाने पाहतो तर माझ्या हातात एक सर्वांगसुंदर दाढ होती. चार उंचवटे, मधली खाच, उतरत्या कडा. अशी दाढ निसर्गालाही रोज साधत नाही. ती मी भिंगरीच्या तारेवर बसवली.

तिने आरशात पाहिले.

“बाबा, हे काय आहे?”

“दाढ. वरची, पहिली.”

“ती मला आहे की आधीच.”

“ही आच्छादन म्हणून आहे.”

“म्हणजे माझ्या दाढेवर तू अजून एक दाढ बसवलीस?”

आपली कन्या दारात उभी राहून ऐकत होती. ती बस आगारात वेळापत्रके करते, त्यामुळे कोणती गोष्ट कोठे वळण चुकली हे तिला लांबून दिसते. ती म्हणाली, “तुझ्या बाबाला मेण दिसलं की दाढ सुचते. सुताराला लाकूड दिलं असतं तर त्यानं तुझ्या तोंडात स्टूल बसवलं असतं.”

भिंगरी हसली. हसता हसता मध्येच थांबली आणि उजवा गाल हाताने धरून ठेवला. बहुधा दाढेचे वजन जास्त झाले असावे. मी ती काढून टाकली. खरे सांगायचे तर ती तिने स्वतःच काढून माझ्या तळहातावर ठेवली. तिची एक कड हिरडीला घासत होती, हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही, किंचितच वाटतो.

या प्रसंगापासून धडा घेऊन मी शास्त्रीय मार्ग अवलंबला. तारा बसण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या तोंडाचे माप घेतले होते आणि साचा ओतायला ते माझ्याकडेच आले होते. (ते माप निर्दोष होते. शिष्या गुरूच्या पुढे गेल्या आहेत, हे जाता जाता सांगतो.) त्या साच्याची मी दुसरी प्रत ओतली, तिच्यावर तसेच चौकोनी तुकडे चिकटवले, तशीच तार ओवली, आणि दोन संध्याकाळी भिंग लावून कोठे काय टोचत असावे याचा शोध घेतला. वर डावीकडे चौथ्या दातावरचा तुकडा जरा धारदार निघाला. तेथे नवे आच्छादन घातले. या वेळी दाढ कोरली नाही, चाकू दुसऱ्या खोलीत ठेवला होता.

आपल्या कन्येने या संशोधनाला सहकार्य केले नाही. “पोरगी स्वयंपाकघरात बसलीय,” ती म्हणाली. “तिला विचार ना कुठं टोचतंय ते.”

मी म्हणालो, “रुग्ण भावनेच्या भरात बोलतो. साचा खोटे बोलत नाही.”

“हे वाक्य मी आधी ऐकलंय,” ती म्हणाली. “दुसऱ्या एका माणसाच्या तोंडून. तोही असाच भिंग लावून बसायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही.”

हा उल्लेख कोणाचा असावा, याचा तर्क मी आपल्यावर सोपवतो.

तरीही पक्षपाताचा आरोप माझ्यावर राहू नये म्हणून मी रुग्णालाही विचारले. “दुखतंय का गं?” तिने अंगठा वर केला. वाक्यही खर्च केले नाही. निष्कर्ष: दुखत नाही.

बाकी किरकोळ. केळे अर्धे परत आले. ती हल्ली उजव्या गालाखाली मऊ रुमाल घेऊन झोपते. मैत्रिणीचा फोन आला तर नुसते हुंकार देऊन ठेवून दिला. शाळेतून बाईंची चिठ्ठी आली की भिंगरीने वर्गात मोठ्याने वाचण्यास नकार दिला. यापूर्वीची प्रत्येक चिठ्ठी तिला गप्प बसवण्यासंबंधी होती, त्यामुळे शाळा समाधानी कशाने होते हेच मला समजेनासे झाले आहे.

मंगळवारला तीन दिवस उरले. दाराला तेल घालून ठेवू नका.

आपला, वाढत्या आत्मविश्वासाने,
जावई

*

सोमवार, दिनांक ९

श्वशुरमहोदय,

हे पत्र मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहीत आहे. हो, त्यांच्याच. बाक निळ्या रंगाचा आहे, एक पाय आखूड आहे, अक्षर हलेल. त्याचा वेगळा अर्थ काढू नये.

आज दुपारी आपले कार्ड आले. त्यावर चारच शब्द होते: “तिला तोंड उघडायला सांगा.”

वाचून माझा संताप अनावर झाला. सव्वीस वर्षे या व्यवसायात काढलेल्या माणसाला, जणू आज सकाळी दात म्हणजे काय ते कळले आहे अशा थाटात, चार शब्द! मी प्रत्युत्तराचा मजकूर मनात रचू लागलो. त्यात ‘धार्ष्ट्य’ हा शब्द दोनदा होता. रचता रचता एक गोष्ट ध्यानात आली. मंगळवारपासून मी तिच्या दातांची चित्रे काढली, तिच्या दातांचा साचा ओतला, त्यांच्यावर मेण बसवले तेही ओठ बाजूला करून पुढून. तोंड उघडायला मी तिला एकदाही सांगितले नव्हते.

ती शाळेतून आली. स्वयंपाकघरात खिडकीजवळ भरपूर उजेड होता. मी सहज विचारल्यासारखे म्हणालो, “जरा तोंड उघड पाहू.”

“उद्या उघडते.”

“उद्या का?”

“उद्या मंगळवार आहे ना.”

“मंगळवारी काय आहे?”

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी वर्गात पुस्तक न आणलेला विद्यार्थी आहे. “आजोबांची मुदत संपते. मग उघडते. मग दुखलं तरी चालेल.”

आपले पत्र मी गुरुवारी मिठाच्या बरणीखाली ठेवले होते. गुळण्यांसाठी मीठ रोज सकाळी लागते, आणि बरणी काढणारी तीच. पत्र तिने वाचले होते. नुसते वाचले नव्हते, तर त्यात तिला नेमून दिलेले काम समजून घेतले होते: रडकुंडीला यायचे नाही.

“मी एकदाही रडले नाहीये हं, बाबा,” ती म्हणाली. तोंड जेमतेम हलवत म्हणाली. “तू लिही त्यांना तसं. आईला विचार. बाथरूममध्येसुद्धा नाही.”

मी तिला खिडकीकडे वळवले.

“मुदत रद्द,” मी म्हणालो. “आत्ता उघड.”

“पण तू हरशील.”

“हरतो. उघड.”

तिने उघडले. उजवीकडे, अगदी मागच्या दाढेजवळ, तारेचे टोक तांदळाच्या दाण्याएवढे बाहेर आले होते, आणि समोरच्या गालाला आतून मसुराएवढी पांढरी जखम होती, भोवती लाल. ती पाच दिवसांपूर्वीची असावी. ज्या जागी मी भिंग लावून दोन संध्याकाळी शोध घेतला, तिच्या अगदी विरुद्ध बाजूला ती होती. साच्यावर ती मला दिसली नाही, कारण महोदय, प्लास्टरच्या साच्याला गाल नसतो.

सव्वीस वर्षांत ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. दात असतात, हिरडी असते, टाळू असते, ती सारी स्वच्छ आणि थंड. गाल आणि जीभ माप घेतानाच बाजूला सारलेली असतात. दुखते ते तेथे.

माझ्या खिशात पक्कड होती. ती नेहमीच असते. तारेचे टोक कापणे हे माझ्या दृष्टीने एका क्षणाचे काम. अशा शेकडो तारा मी कापल्या आहेत. मी एका हाताने तिचा गाल बाजूला धरला आणि दुसऱ्या हाताने पक्कड आत नेली. माझे बोट तिच्या दाढेला लागले. दाढ ऊबदार होती. हे वाक्य वाचून आपण हसाल. परंतु माझ्या हाताखालून हजारो दात गेले, त्यांतला एकही कधी ऊबदार नव्हता.

“बाबा,” उघड्या तोंडाने भिंगरी कशीबशी म्हणाली, “पक्कड गार आहे.”

मी पक्कड ओट्यावर ठेवली. कपाटातून ती इवलीशी डबी काढली, जिची गुरुवारच्या पत्रात मी कुचेष्टा केली होती. कापसाने तार कोरडी केली. वाटाण्याएवढे मेण बोटांत मळले. काही कोरले नाही. त्या टोकावर दाबून बसवले. ओबडधोबड गोळा, माझ्या प्रयोगशाळेतून असे काम बाहेर पडले असते तर मी स्वतःच ते परत पाठवले असते.

तिने तोंड मिटले. गाल हळूच हलवून पाहिला. पुन्हा हलवला.

“अय्या,” ती म्हणाली. आणि मग सहा दिवसांचे जे काही साठले होते ते सर्व बाहेर पडले, डोळ्यांतून आणि तोंडातून एकदमच. वर्गातली कोण तिला काय म्हणाली, केळ्याचा आता वासही नको, दाढेवर दाढ बसवणारा बाप जगात दुसऱ्या कुणाला नसेल, आणि मऊ भातावर निबंध लिहिला तर तोही मऊच होईल. वरच्या मजल्यावर खिडकी लावल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

आपली कन्या आगारातून आली तेव्हा आम्ही दोघे ओट्याला टेकून उभे होतो. तिने दोघांचे डोळे पाहिले, मिठाच्या बरणीखालचे पत्र पाहिले, ते प्रथमच वाचले, नंतर आजचे कार्ड वाचले. आवाज न चढवता ती म्हणाली, “तू आणि माझे बाबा, दोघं मिळून या पोरीच्या तोंडात कुस्ती खेळताय. आखाडा दुसरा शोधा. चपला घाल. पाच पंचवीसची बस आहे.”

म्हणून हा निळा बाक.

आपण लिहिल्याप्रमाणे मुदतीच्या आत पोर रडली. आपण जिंकलात; हे मी लेखी देतो, सहीनिशी, म्हणजे पुढे वाद नको. मात्र मी आपल्या दारात उभा नाही. आणि पैज लावताना आपण एक गोष्ट विसरलात, जी मीही विसरलो होतो: ज्या तोंडावर पैज लावली त्याच्या मालकिणीला आपण दोघांनीही विचारले नव्हते. माझ्या चुकीला निदान प्लास्टरचे निमित्त आहे. आपण तर आयुष्यभर जिवंत तोंडे पाहिलीत.

आतून बोलावणे आले. थांबतो.

पराभूत,
जावई

*

शनिवार, दिनांक १४

श्रीमान श्वशुरमहोदय,

आपले पत्र काल मिळाले. टपालाला उशीर होईल म्हणून हे उत्तर आजच्या बसच्या वाहकाकडून धाडतो. “ठरल्याप्रमाणे मुलीला येत्या रविवारी घेऊन या. जुन्या तारा काढून मी स्वतः नव्याने बसवीन.” म्हणजे माझी कबुली आपण शरणागती म्हणून वाचलीत. पराभव आणि शरणागती या दोन स्वतंत्र संस्था आहेत. पहिली मी मान्य केली. दुसरीचा माझा अभ्यास नाही.

मुलगी येणार नाही. कारण पुढीलप्रमाणे.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तारेचे टोक कापले. अर्धे मिनिट लागले. त्यातले निम्मे दिवा वळवण्यात गेले. “पहिल्याच दिवशी का नाही आलात?” त्यांनी विचारले. मी छताकडे पाहिले. आपली कन्या म्हणाली, “घरात तज्ज्ञ होता.”

मग डॉक्टरीणबाई खुर्चीशेजारी स्टूलवर बसल्या आणि थेट भिंगरीशी बोलल्या. “खूप त्रास झाला ना? नको वाटत असेल तर आत्ता काढून टाकते. वर्षभरानं पुन्हा बघू. आई-बाबांना नाही विचारत, तुला विचारतेय.”

भिंगरीने हातात आरसा मागून घेतला. बराच वेळ ओठ वर करून, खाली करून, पाहत राहिली. मी तोंड उघडणार होतो. आपल्या कन्येने माझ्या पायावर पाय ठेवला, आणि तो तिने पूर्ण चर्चा संपेपर्यंत उचलला नाही.

“काढल्या तर आजोबा जिंकणार,” भिंगरी म्हणाली. “ठेवल्या तर बाबा म्हणणार मी जिंकलो. हो ना?”

डॉक्टरीणबाईंना यातले काही कळले नाही, परंतु त्यांनी मान हलवली.

“मग मला त्या दोघांचं काही सांगू नका. अजून टोचणार आहे का?”

“मधून मधून. तार बदलली की दोन दिवस दुखेल. टोचलं की त्याच दिवशी यायचं, लपवायचं नाही.”

“आणि हा तिरका सरळ होईल?” तिने खालचा पुढचा दात दाखवला, जो शेजाऱ्याच्या खांद्यावर चढून बसला आहे.

“दीड वर्षात.”

“ठेवा,” ती म्हणाली. आणि आमच्याकडे वळून: “आणि आता माझ्या तोंडाबद्दल कुणाला काही ठरवायचं असेल तर आधी मला विचारायचं. मी आतच असते.”

तेव्हा उद्या तिच्या तारा काढण्याचा प्रश्न निकालात निघालेला आहे. आपला आदेश मी तिला वाचून दाखवला, नव्या नियमाप्रमाणे. ती म्हणाली, “नको म्हणावं. छान बसल्यात.” हा तिचा अंतिम निर्णय, अपिलाची सोय नाही.

आता दुसरी बाब. भिंगरी चूळ भरत असताना डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सर रोज फोन करतात. दोनदा. मुलगी आली का, काही म्हणाली का.”

मी आपल्याला कळवू इच्छितो की आमच्या घरीही दूरध्वनी आहे. तो आम्ही उचलतो. आपली कन्या तो पहिल्या घंटेला उचलते, आणि फोन आपला नसला तर एक क्षण काही बोलत नाही. हे मी चौदा वर्षे पाहत आलो आहे आणि तिला मी ते कधी बोलून दाखवलेले नाही.

त्यानंतर डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते त्यांनी बोलायला नको होते, पण त्या दिवशी त्या दवाखान्यात सर्वच जण खरे बोलत होते. “सरांची खालची कवळी डावीकडे टोचते. दीड वर्ष झालं. जेवताना काढून रुमालात ठेवतात. लॅबला परत पाठवू का म्हटलं, तर म्हणतात, ठीक आहे, चालतंय.”

ती कवळी मी केली आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंकडून एक माप आले होते, त्यावर रुग्णाचे नाव नव्हते, नुसता आकडा होता. मी साचा ओतला आणि तो जबडा ओळखला. मागचे दात गेलेले, पुढचे सहा शिल्लक, आणि त्यांत एक खालचा दात शेजाऱ्याच्या खांद्यावर चढून बसलेला. तोच दात मी रोज सकाळी चहाच्या वेळी आपल्या कन्येच्या तोंडात पाहतो. साऱ्या गावाचे दात आपण सरळ केलेत, महोदय, आणि हा एवढा घरात ठेवून दिलात. मी त्या कामाला नेहमीच्या तिप्पट वेळ दिला आणि कोणाला काही सांगितले नाही. आपल्यालाही ते काम कोणाचे हे ठाऊक होते, असे आता दिसते. नाही तर परत पाठवायला आपल्याला काय हरकत होती?

गुरुवारी मी कपाटातून तो जुना साचा काढून पाहिला. डावीकडची कड मी गरजेपेक्षा लांब ठेवली आहे. साच्यावर अत्यंत देखणी दिसते. चूक माझी आहे. ही कबुली मी कोणत्याही पैजेच्या संदर्भात देत नसून निखळ व्यावसायिक स्वरूपात देत आहे, तरी तिच्यावरून इतर कोणतेही निष्कर्ष काढू नयेत.

भिंगरी शेजारी बसून गृहपाठ करत होती. तिने विचारले, “आजोबांना दीड वर्ष टोचतंय?”

“हो.”

“आणि ते सांगत नाहीत?”

“नाही.”

“का?”

मी म्हणालो, “त्यांना ते मला सांगावे लागेल म्हणून.”

तिने पेन्सिल खाली ठेवली. “किती वेडे आहात रे तुम्ही सगळे. माझं अर्ध्या मिनिटात कापलं. त्यांना लिही, नुसतं ‘टोचतंय’ म्हणायचं असतं. मी तसं म्हटलं तर काही झालं नाही. उलट बरं वाटतं.”

तिच्या आज्ञेवरून लिहिले. शब्द तिचे आहेत. ‘वेडे’ हा शब्द मी गाळणार होतो, तिने गाळू दिला नाही.

आता माझे लिहितो. मी आपल्या दारात येणार नाही. चौदा वर्षांपूर्वी तसे म्हणालो होतो, आजही म्हणतो, आणि या वयात मला नवीन वाक्ये पाठ होत नाहीत. परंतु कवळीची कड घासायला यंत्र लागते आणि ते माझ्या प्रयोगशाळेत आहे. कोठे टोचते त्याची खूण आरशात पाहून आपणच करून आणावी. जिवंत तोंड हा माझा प्रांत नाही, आपला आहे. उरलेले काम दहा मिनिटांचे. पुन्हा टोचले तर पुन्हा घासू. आपल्या कन्येने सांगितले आहे की आपल्या थांब्यावरून नऊ पस्तीसला बस सुटते, ती दहाला पाच कमी असताना आमच्या कोपऱ्यावर येते, आणि रविवारी ती कधीही उशीर करत नाही, कारण वेळापत्रक तिने केलेले आहे.

प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर आहे. बारा पायऱ्या, कठडा डाव्या हाताला, आठवी पायरी जरा उंच आहे ती जपून. मी आत यंत्रापाशी असेन आणि उठणार नाही. दार भिंगरी उघडेल. ती काय बोलेल याची हमी मी देत नाही, आणि किती वेळ बोलेल याची तर मुळीच नाही.

आपला,
जावई